चीफना ऐकायचं होतं ते बंदर

आमच्या घरमालकांसमोर कुठल्याही शहराचं नाव काढा, ते तिथे काय बिघडलं होतं ते सांगायचे. "बार्सिलोना? उत्तम शहर. दोन नंबरचा जनरेटर." मार्से म्हणजे पिस्टनच्या रिंगा, जेनोआ म्हणजे बॉयलरची नळी, अँटवर्प म्हणजे इंधनाचा पंप. एकदा माझी मैत्रीण लिस्बन बघून माझ्याकडे राहायला आली होती. तिने मोबाइलवरचे शे-दोनशे फोटो दाखवले. यांनी चष्मा पुसून पुसून एकेक फोटो बघितला आणि शेवटी म्हणाले, "अच्छा! म्हणजे वर असं असतं होय?" मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी म्हटलं, "अगं, तेही गेलेत लिस्बनला. पण खाली."

खाली म्हणजे इंजिनरूममध्ये. जन्मभर मालवाहू बोटींवर नोकरी, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनिअर. बंदर आलं की डेकवरची मंडळी भांग पाडून गावात हिंडायला जात, कॅप्टन एजंटबरोबर जेवायला जाई, आणि यांचं काम तिथून सुरू होई. "चालत्या बोटीचं इंजिन उघडता येत नाही, सेकंड. बोट बांधली की मगच आमचा दिवस उजाडतो." दुरुस्ती संपली की बोट सुटायची. असं करत करत माणसाने अर्धं जग पालथं घातलं आणि एक रस्ता ओलांडला नाही.

नेदरलँड्समधलं आमचं सगळं न्यूनेन गाव त्यांना चीफ म्हणायचं, औषधाच्या दुकानातली मुलगीसुद्धा. मी सेकंड. बोटीवर चीफच्या हाताखाली सेकंड इंजिनिअर असतो, म्हणून त्यांच्या वरच्या मजल्यावर जो कुणी भाड्याने राहील तो सेकंड. माझ्या आधी नागपूरचा एक मुलगा होता, तो सेकंड. त्याच्या आधी एक स्पॅनिश बाई होती, ती बिचारी जाईपर्यंत विचारत होती की मग फर्स्ट कोण आहे.

खोली बघायला गेले तेव्हा मी आइंडहोवनच्या चिपांची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नुकतीच लागले होते. यंत्राची थरथर मोजायची आणि ती कमी कशी होईल ते बघायचं, हे माझं काम. चीफनी ना पगाराची स्लिप मागितली, ना पासपोर्ट. एवढंच विचारलं, "घरात चालताना तुझा आवाज होतो का?"

मी घाईघाईने म्हटलं, "छे छे. अजिबात नाही. मी अगदी शांत असते."

"मग नाही जमायचं," ते म्हणाले. "मला आवाज पाहिजे. चपला घालून चालायचं. जिना उतरताना पाय आपटायचे. दार लोटायचं नाही, लावायचं. घरात माणूस आहे हे खाली कळलं पाहिजे."

या देशात शेजाऱ्याला शिंक ऐकू गेली तरी लोक चिठ्ठी टाकतात. त्यात हा माणूस भाडं घेऊन वर दार आपटायला सांगतोय! माझा स्वभाव मुळात तापट, चिंचवडच्या घरी दारं आपटण्यावरून मी आईची बोलणी खाल्लेली. म्हटलं, चला, कुठेतरी या गुणाची कदर झाली. त्याच आठवड्यात बॅगा घेऊन राहायला आले.

ते मूळचे रेवदंड्याचे. बोटी सोडल्यावर रॉटरडॅमच्या एका गोदीत दुरुस्तीच्या कामावर होते. मुलगी आइंडहोवनला शिकायला आली म्हणून नवरा-बायकोंनी न्यूनेनला हे विटांचं घर घेतलं. मग मुलगी नोकरीसाठी पार उत्तरेला ग्रोनिंगनला गेली आणि काकू त्याहून लांब. मी आले तेव्हा काकूंना जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची होती, तिच्यावर चीफ स्वतः बसत नसत आणि पाहुण्यालाही बसू देत नसत. रविवारी मुलीचा फोन यायचा. हे मराठीत विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. फोन ठेवला की घर इतकं गप्प व्हायचं की मी वर उगाचच कपाट उघडझाक करायचे.

माझं तरी दुसरं काय होतं? सोमवार ते शुक्रवार ऑफिस, शनिवारी आठवड्याची भाजी, रविवारी आईला फोन. ऑफिसात मराठी लोक होते, पण सगळे बायका-मुलांवाले. गणपतीला आणि दिवाळीला बोलवायचे, प्रेमाने पुरणपोळी वाढायचे, आणि नऊ वाजले की मुलांना झोपवायची वेळ झाली म्हणून आपल्यालाच चपला शोधाव्या लागायच्या. बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. मला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटायची, कारण घरी सगळ्यांना वाटत होतं की पोरीचं युरोपात मस्त चाललंय.

म्हणून चारचा चहा मला धरून ठेवायचा. शनिवार-रविवारी चार वाजता खालून जिन्याच्या कठड्यावर पान्याने तीनदा ठोकलं जाई. चहा झाला. थर्मासमधला, आल्याचा, चुलीवर उकळल्यासारखा कडक. आणि चहाबरोबर बॉयलरची तपासणी. चीफ घरातल्या हीटिंगच्या बॉयलरला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचे, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. "कान फसवतो, सेकंड. हाड ऐकतं."

हाडही फसवायचं. एका जानेवारीत त्यांनी जाहीर केलं की पंपाचं बेअरिंग गेलंय, आणि मी नको नको म्हणत असताना पंप उघडला. दोन दिवस आम्ही दोघं घरात टोप्या घालून बसलो. मेकॅनिक आला, त्याने पंप बसवला आणि म्हणाला की बेअरिंग उत्तम आहे, काहीही झालेलं नव्हतं. चीफ माझ्याकडे वळले. "आवाज येत होता की नाही?"

"येत होता," मी म्हटलं. मला कसलाही आवाज आला नव्हता. पण मेकॅनिकच्या देखत त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मला ते बघवेना.

जन्मभर इंजिनाच्या धडधडाटात उभं राहिलं की कान जातातच. डावा मी यायच्या आधीच गेला होता. उजवा चालला होता. ते स्वतःच सांगायचे, पाऊस येतोय म्हणावं तसं: "उजवा चाललाय." हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले. इथल्या रिवाजाप्रमाणे तो पॅरासिटमॉल देईल अशी आम्ही पैज लावली होती. त्याने पुढे कानाच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे महागडी यंत्रं मिळाली. चीफनी ती चहाच्या डब्यात ठेवून दिली. म्हणाले, "यात सगळंच ऐकू येतं. मला सगळं नको आहे."

"मग काय पाहिजे?"

"कॉर्क."

कॉर्क हे आयर्लंडमधलं जुनं बंदर. नदी शहराच्या पोटातून जाते आणि त्या काळी बोटी थेट गावातल्या धक्क्याला लागायच्या. चीफच्या यादीत कॉर्क म्हणजे लाइफबोटचं इंजिन. आणि लाइफबोट असते वर, डेकवर, उघड्यावर. म्हणजे सबंध नोकरीत हे एकच बंदर असं, जिथे चीफनी दिवसाउजेडी, वाऱ्यात उभं राहून काम केलं. समोर टेकडी, टेकडीवर चर्च, चर्चच्या मनोऱ्याच्या टोकावर कोंबड्याऐवजी सोनेरी मासा. खाली चार बाजूंना चार घड्याळं, आणि वारा लागला की चौघांची वेळ वेगळी, म्हणून गावातले लोक त्या मनोऱ्याला खोटारडा म्हणतात. आणि आत घंटा.

"कुणीतरी एक चाल वाजवत होतं," चीफ सांगायचे. हे सांगताना त्यांचा हात आपोआप वर जायचा. "सुरुवात छान. मग एका ठिकाणी अडखळायचं. थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडखळायचं. दिवसभर. मला वाटलं पाद्री नवा आहे. बोटीच्या शिडीवरच्या पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, पाद्री कुठला, टूरिस्ट लोक वाजवतात. तिकीट काढून कुणीही वर जातं आणि दोर ओढतं. मी म्हटलं, हे बरं आहे. आपल्या देवळात असतं तसंच, आलेल्याने वाजवावी. ठरवलं, उद्या जायचं. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. बिनकामाचा माणूस म्हणून. शर्ट काढूनसुद्धा ठेवला होता."

"मग?"

"मग काय. इंजिन सुरू झालं. माझंच काम चोख. संध्याकाळच्या भरतीला बोट सुटली."

ती चाल ते गुणगुणायचे आणि बरोबर त्याच ठिकाणी थांबायचे. काकूंबरोबर जायचं पुढच्या वर्षी पुढच्या वर्षी करत राहिलं. आता घाई होती. एकदा चहा ओतता ओतता ते नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, कारण हल्ली ते सगळंच मोठ्याने म्हणायचे, "उजवा जायच्या आत त्या घंटा एकदा ऐकायच्यात मला. बाकी काही राहिलेलं नाही." कप माझ्यासमोर ठेवला आणि बॉयलर तपासायला गेले.

मी वर जाऊन जोरात दार लावलं आणि तिकिटं काढली.

आता इथे आमचं जे झालं ते फक्त आमच्यासारख्यांचंच होतं. नेदरलँड्समध्ये राहायचा परवाना खिशात असला की जर्मनी, फ्रान्स, इटली, कुठेही जा, कुणी हूं की चूं करत नाही. मग डोक्यात बसतं की युरोप म्हणजे युरोप. आयर्लंड त्या व्हिसाच्या गोतावळ्यात नाही, ते वेगळा व्हिसा मागतं, हे आमच्या दोघांच्याही गावी नव्हतं. मी निघायच्या आधी विचारलं होतं, "चीफ, कागद सगळे ठीक आहेत ना?" त्यांनी भारतीय पासपोर्ट दाखवला. डच होण्यासाठी तो सोडावा लागला असता, आणि "रेवदंड्याला काय व्हिसा काढून जाऊ?" म्हणून त्यांनी तो जन्मात सोडला नव्हता. वर म्हणाले, "मला आजवर कुठल्या बंदराने अडवलेलं नाही."

स्किपोल विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीने अडवलं. चीफ स्वच्छ पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, कानांत चहाच्या डब्यातली यंत्रं घालून उभे. तरी गर्दीत त्यांना नीट ऐकू येईना.

"काय म्हणते ती?"

"व्हिसा लागतो म्हणते."

"कुणाला?"

"आपल्याला! आपल्याला व्हिसा लागतो, चीफ!" मी ओरडले. मागच्या रांगेतला एक भला गृहस्थ हिंदीत म्हणाला, "मॅडम, आयर्लंड शेंगेन में नहीं आता." जसं काही मला अजून कळायचं बाकी होतं!

"पण मला कधी कुणी अडवलं नाही," चीफ त्या मुलीला समजावत होते.

"कारण तुम्ही कधी उतरलाच नाहीत!" माझ्या तोंडून गेलं. राग माझा माझ्यावरच होता, निघाला त्यांच्यावर.

त्यांनी पासपोर्ट परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "हे मात्र खरं." आणि बॅग उचलून चालायला लागले.

परतीच्या गाडीत रॉटरडॅम आलं तसे ते उठले. म्हणाले, "टूरिस्ट म्हणून निघालोय ना? मग कुठेतरी उतरायलाच पाहिजे." ज्या गावात इतकी वर्षं नोकरी केली, तिथे आम्ही पाहुण्यांसारखे उतरलो आणि बंदर दाखवणाऱ्या बोटीत बसलो. आजूबाजूला आइस्क्रीम खाणारी पोरं, सेल्फी घेणारी जोडपी. पाच मिनिटं चीफ हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखे बसले. मग हळूच तळवा कठड्यावर टेकवला. मग उठले आणि थेट चालकाकडे गेले. म्हणाले, "तीन नंबरचा सिलिंडर ठोकतोय."

चालक सोनेरी दाढीचा, हसरा. म्हणाला, "साहेब, बसून घ्या. ही बोट बॅटरीवर चालते. हिला सिलिंडरच नाही."

चीफ परत येऊन बसले. एकामागून एक क्रेन मागे पडत होत्या, ते एकीकडेही बघत नव्हते. "सेकंड," ते म्हणाले, "मला बघायचं कसं तेच कळत नाही. मी जे केलं ते ऐकून केलं. आणि आता नाही ते ऐकू यायला लागलं." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरला. मला म्हणायचं होतं की चीफ, मी आहे ना, पण हे मोठ्याने ओरडून कसं म्हणायचं?

व्हिसाचा अर्ज मी भरला. प्रवासाचं कारण या रकान्यात "पर्यटन" असं लिहिलं, ते त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. व्हिसा यायला वेळ लागला. तेवढ्यात उजवा आणखी उतरला. चहाची खूण ते पान्याने ठोकायचे ती इतक्या जोरात की कठड्याचा रंग उडाला. वर मी दारं आपटायचे ती इतकी की शेजारची बाई घाबरून विचारायला आली, काही भांडण वगैरे आहे का. मी म्हटलं, "नाही हो, उलट आमचं फार छान चाललंय." ती जास्तच घाबरून गेली.

शेवटी कॉर्क. पाऊस पडून गेला होता आणि ऊन आलं होतं. चीफनी पहिल्याच दुकानात एक टोपी घेतली, पोस्टकार्डं घेतली, पुलावर थांबून मला फोटो काढायला लावला. एका चढाच्या रस्त्यावर रंगीत घरांकडे मान वर करून बघत उभे राहिले आणि म्हणाले, "वर असं असतं होय!" लोक त्यांना टूरिस्ट समजत होते. एका बाईने तर पत्ता सांगायला हात पुढे करून रस्ता दाखवला, आणि हे इतके खूश झाले की पत्ता न ऐकताच आभार मानून मोकळे.

धक्का सापडायला वेळ लागला. आता तिथे बोटी नाहीत, काचेच्या इमारती आहेत. पण बोट बांधायचे लोखंडी खुंट तसेच ठेवलेत. चीफ एकेका खुंटापाशी जाऊन टेकडीकडे बघायचे आणि पुढे सरकायचे. एका खुंटाशी थांबले. "इथेच." मनोरा नीट दिसत होता, वरचा सोनेरी मासा चमकत होता. शेजारी बाक होतं.

आमचं आधीच ठरलं होतं. वर मी जायचं. गुडघ्यांचं कारण होतंच, पण खरं कारण वेगळं. "वाजवणाऱ्याला तिथे आवाज अडवायला कानांवर मोठे बोंगे घालायला देतात, मी वाचलंय. मग ऐकायचं कुणी? मी इथून ऐकणार. जिथून ऐकलं तिथूनच." यंत्रांत नवे सेल घातले होते. ते बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. "जा. सावकाश चढ. आणि हे बघ, चुकीचंच वाजव. बरोबर वाजवलंस तर मला ओळखू यायचं नाही."

मी चढ चढत गेले. रस्ताभर ती चाल गुणगुणत होते, अडखळायच्या जागेसकट. चर्चच्या दारात तिकिटांच्या टेबलाशी पांढऱ्या केसांची बाई बसली होती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं असावं. म्हणाली, "घंटांसाठी आलीस ना गं? आज नाहीत बघ. दोर उतरवलेत, देखभालीचं काम चाललंय. घड्याळाचे ठोकेसुद्धा बंद आहेत. वर जाऊन गाव मात्र बघता येईल."

मी तिला सगळं सांगितलं. लाइफबोट, शर्ट, व्हिसा, उजवा कान, खाली बसलेला म्हातारा. मी चिंचवडची, रडून काही मागणारी नव्हे, पण तिथे मी रडले. एकच घंटा. एकदाच. कशानेही. त्या बाईचेही डोळे पाणावले. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बाळा, दोरच नाहीत गं. पुढच्या आठवड्यात ये." आमचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

उतारावरून येताना मी वाक्यं जुळवत होते. फोन करून उपयोग नव्हता, फोनवर त्यांना ऐकू यायचं नाही. मग वाटलं, दुरुस्ती चाललीय म्हटल्यावर कोण जाणे, हे पाना मागतील आणि गुडघे विसरून स्वतःच चढतील. त्या विचाराने मला जरा हसू आलं, आणि मी पाय उचलले.

चीफ डोळे मिटून बसले होते. एक तळवा खुंटावर टेकवलेला. माझी सावली पडली तसे डोळे उघडले.

"शाब्बास!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या खुंटावरचे सीगल उडाले. "शाब्बास, सेकंड! ऐकलं. सगळं ऐकलं!"

मी उभीच राहिले.

"तिथेच अडखळलीस. अगदी तिथेच!" त्यांनी हात वर केला, चाल गुणगुणले, थांबले. "आणि दुसऱ्यांदा जरा घाई केलीस, पण चालायचं. तेव्हाचा वाजवणाराही घाईच करायचा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. यांना खरंच ऐकू आलं, की ऐकू आलं नाही म्हटलं तर पोरीला वाईट वाटेल म्हणून हे माझ्यासाठी चाललंय? डोळे ओले होते, पण ते वाऱ्यानेही होतात. मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मागे टेकडीवर चार घड्याळं चार वेगवेगळ्या वेळा दाखवत होती.

"दोर फार जड होता," मी म्हटलं.

"काय?"

"दोर! फार जड होता, चीफ!" मी सगळ्या कॉर्कला ऐकू जाईल अशी ओरडले.

"असणारच," ते म्हणाले. त्यांनी टोपी घातली, माझा हात धरून उठले आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

त्याच हिवाळ्यात उजवा पुरता गेला. घरात मी कितीही पाय आपटले तरी खाली काही पोचेना. एकदा ते गॅस चालू ठेवून विसरले आणि मुलगी येऊन त्यांना ग्रोनिंगनला घेऊन गेली, तिच्या घराजवळच्या वृद्धांच्या निवासात. जाताना त्यांनी मला स्क्रूड्रायव्हर दिला. वेताची खुर्ची गाडीत सगळ्यात आधी ठेवली. मी आइंडहोवनला एका उंच इमारतीत राहायला गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरून चिठ्ठी आली, अगदी सभ्य भाषेत: घरात चपला घालू नयेत, दारं हळू लावावीत. मी हळू लावते. शनिवारी चार वाजता चहा करते आणि एकटीच पिते. कधीकधी फार चीड येते, तेव्हा एखादं दार आपटते आणि मग वाट बघते. कुणी काही ठोकत नाही.

मागच्या महिन्यात त्यांना भेटायला गेले. त्यांच्याशी बोलायला एक पाटी ठेवलीय, त्यावर लिहून दाखवायचं. मला बघून म्हणाले, "सेकंड! पाय आपटत आलीस ना? मला कळलं." तिथली नर्स मोठी हौशी आहे. ती पाटीवर शहरांची नावं लिहिते आणि यांच्याकडून उत्तरं काढते, तो दोघांचा खेळच झालाय. माझ्यादेखत तिने लिहिलं, नेपल्स. "कंप्रेसर," चीफ डचमध्ये म्हणाले. तिने लिहिलं, हॅम्बर्ग. "क्रँकशाफ्ट. मोठं काम होतं." ती हसून मला म्हणाली की यंदा सुट्टीत मी आयर्लंडला चाललेय, आणि पाटी पुसून लिहिलं, कॉर्क.

चीफनी पाटी हातात घेतली. बराच वेळ बघितली. लाइफबोटचं इंजिन, मी मनात म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पाटी खाली ठेवली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हिला सांग, सेकंड. कॉर्कला काही बिघडलं नव्हतं. तिथे आपण फिरायला गेलो होतो."